ड्रिल चक परत परत आर्बरवरून निसटतोय? आधी कुठला सांधा सुटतोय ते बघा

बडोद्याच्या मकरपुरा जीआयडीसीत, म्हणजे औद्योगिक वसाहतीत, आमचं जॉब वर्कचं छोटं शेड आहे. दोन लेथ, एक मिलिंग, दोन पिलर ड्रिल. आजूबाजूच्या शेडवाल्यांकडून सगळ्यात जास्त वेळा ऐकलेली तक्रार एकच, की चक, म्हणजे ड्रिल पकडणारा जबड्यांचा भाग, पडतो. म्हणजे भोक आरपार निघता निघता चक ड्रिलसकट सुटून जॉबवर आदळतो, मग परत ठोकून बसवायचा, चार भोकं बरी जातात आणि पाचव्याला परत तेच. बहुतेक जण दुसऱ्या दिवशी नवा चक घेऊन येतात. तोही पडतो. मग मशीनला शिव्या.

हे आमच्याकडेही झालंय म्हणून सगळं नीट लिहून काढतोय, कारण फिरत्या स्पिंडलवरून सुटलेला १३ मिलीमीटरचा चक म्हणजे गंमत नाही, माणूस प्रतिक्षिप्तपणे हात पुढे करतो आणि बोटं जातात. चक सुटला तर हात मागे आणि स्विच बंद, बाकी काही वाचवायला जायचं नाही, हे आमच्या पोरांना मी पहिल्या दिवशी सांगतो.

आता मुद्दा. चक आणि मशीन यांना जोडणारा मधला दांडा म्हणजे आर्बर, आणि त्याला सांधे दोन असतात. आर्बरचं वरचं टोक मशीनच्या स्पिंडलमधे बसतं, ते सहसा मोर्स टेपर (टेपर म्हणजे निमुळता आकार), म्हणजे एमटी, लहान मशीनला एमटी-२, जरा मोठ्याला एमटी-३, रेडियल ड्रिलला एमटी-४ किंवा त्याच्या वर. आर्बरचं खालचं आखूड टोक चकच्या पाठीत बसतं, तो जेकब्स टेपर तरी असतो, म्हणजे जेटी, नाहीतर बी टेपर. दोन्ही सांधे फक्त घर्षणावर धरतात, स्क्रू नाही, पिन नाही, चावी नाही. म्हणून पहिला प्रश्न हा, की खाली नेमकं काय पडलं? नुसता चक पडला आणि आर्बर वर स्पिंडलमधेच राहिला, की आर्बरसकट पडला? ही दोन वेगळी दुखणी आहेत आणि औषधंही वेगळी. विचारलं की निम्मे लोक म्हणतात "लक्ष नाही दिलं". पुढच्या वेळी द्या, अर्धं निदान तिथेच होतं.

आधी नुसता चक पडण्याचं बघू, कारण दहात सात वेळा तेच असतं.

आमची गोष्ट अशी झाली. २०२४ च्या ऑगस्टमधे विश्वामित्रीचं पाणी बडोद्यात घुसलं तेव्हा मुजमहुड्याकडे ओळखीच्यांच्या गोडाऊनमधे ठेवलेलं आमचं एक पिलर ड्रिल दोन दिवस पाण्यात होतं. मशीन खोललं, धुतलं, बेअरिंग बदलली, पण जुना आर्बर गंजून खड्डे पडलेला निघाला, म्हणून नवा घेतला. चक मात्र जुनाच ठेवला कारण तो वरच्या फळीवर होता, कोरडा. दुकानात सांगितलं, एमटी-२ चा आर्बर द्या १३ च्या चकला लागेल असा. काउंटरवरच्याने एक काढून दिला आणि म्हणाला "बेसी जशे". बसला पण. हातात धरून दाबला तर घट्ट वाटला, वरून मॅलेटचा एक ठोका, तयार. त्याच आठवड्यात १२ मिलीमीटरच्या प्लेटच्या फ्लँजचा जॉब आला आणि एका दिवसात चक तीनदा पडला. तिसऱ्या वेळी ड्रिल मोडलं आणि फ्लँजवर चर पडला.

आमच्याकडे एक जुने टर्नर काका आहेत, चाळीस वर्षं लेथवर काढलेली. त्यांनी चक आणि आर्बर दोन्ही थिनरने पुसून घेतले, आर्बरच्या छोट्या टोकाला प्रशियन ब्लूचा, म्हणजे सांधा कुठे टेकतो ते दाखवणाऱ्या निळ्या रंगाचा, अगदी पातळ थर बोटाने फिरवला, चकमधे हलक्या हाताने घातला, जरासा फिरवला आणि बाहेर काढला. मग दाराच्या उजेडाकडे धरून मला दाखवलं. खरं बसलं असतं तर निळा रंग टेपरच्या सगळ्या लांबीवर घासलेला दिसला असता. इथे फक्त टोकाशी, जेमतेम दोन-तीन मिलीमीटर रुंदीचं चकाकणारं कडं होतं, बाकी निळा जसाच्या तसा ओला. काका एवढंच म्हणाले, "हा टोकावर उभा आहे, बसलेला नाही."

वर्नियर लावल्यावर उलगडा झाला. आर्बर बी-१६ होता आणि चक जेटी-३३ चा. डोळ्याला दोन्ही सारखेच दिसतात. बी-१६ चा जाड व्यास १५.७३३ मिलीमीटर, जेटी-३३ चा १५.८५०, फरक ०.१२ पण नाही. पण उतार वेगळा. बी-१६ हा मुळात मोर्स नंबर दोनचाच आखूड तुकडा आहे, त्यामुळे साधारण वीसला एक असा उतार, म्हणजे वीस मिलीमीटर लांबीत व्यास एक मिलीमीटरने कमी. जेटी-३३ जास्त उतरता, सोळाला एक च्या आसपास. मग सावकाश उतरणारा आर्बर जास्त उतरत्या भोकात गेला की फक्त त्याचं टोक आत टेकतं आणि तोंडाशी पाव मिलीमीटरच्या आसपास मोकळी जागा राहते. हातात घट्ट वाटतं कारण टोकाचं ते कडं घट्टच असतं. पण ड्रिलला बाजूने जरा धक्का बसला की चक त्या कड्यावर डुलतो आणि डुलता डुलता सुटतो. उलट जोडी असेल, म्हणजे चक बी-१६ चा आणि आर्बर जेटी-३३, तर तोंडाशी कडं धरतं आणि आतलं टोक हवेत. दोन्हीत निकाल तोच.

म्हणून माझं स्पष्ट मत, आर्बर विकत घेताना "१३ च्या चकला" असं कधीच सांगायचं नाही. १३ ही ड्रिल पकडायची क्षमता आहे, मागचा टेपर त्यावरून कळत नाही. १३ चा चक बी-१६ मधे येतो, जेटी-६ मधे येतो, जेटी-३३ मधे येतो, आणि हँड ड्रिलचा असला तर अर्धा इंच वीस आट्यांचा थ्रेडचाही येतो. चकच्या पाठीवर किंवा बॉडीवर बहुतेक वेळा टेपर कोरलेला असतो, कापसाने ग्रीस पुसून बघा. नसेल कोरलेला तर मोजा.

मोजायचं म्हणजे आर्बरवर मोजा, चकच्या आतून वर्नियरने नीट येत नाही. आर्बरचा जाड व्यास, बारीक व्यास आणि मधली लांबी घ्यायची, दोन व्यासांचा फरक लांबीने भागायचा. ०.०५ च्या आसपास आलं तर बी टेपर, ०.०६३ आलं तर जेटी-३३. जेटी-६ चा जाड व्यास १७.१७० आणि उतार ०.०५२, म्हणून त्याची गल्लत बी-१८ शी होते, ज्याचा जाड व्यास १७.७८० आहे. इथे नुसत्या उतारावर जाऊ नका, जाड व्यास बघा, सहा दशांश मिलीमीटरचा फरक आहे तो कुठल्याही वर्नियरवर दिसतो. आणखी एक गंमतीचा योगायोग, जेटी-६ चा बारीक व्यास आणि जेटी-३३ चा जाड व्यास जवळजवळ एकच आहे, १५.८५, त्यामुळे एकच व्यास मोजून नाव ठरवणारा हमखास फसतो. बी टेपरचं नाव लक्षात ठेवायला सोपं आहे, आकडा म्हणजे जाड व्यास साधारण मिलीमीटरमधे, बी-१६ सोळाच्या जवळ, बी-१८ अठराच्या जवळ. जेटीच्या आकड्याला असा काही अर्थ नाही, जेटी-३३ हा जेटी-६ पेक्षा बारीक आहे, आणि जेटी-३ दोघांपेक्षा जाड.

हा घोळ का आहे तर दोन घराणी वेगळी आहेत. मोर्स टेपर स्टीफन मोर्सने १८६० च्या दशकात अमेरिकेत आणला, आर्थर जेकब्सने चावीच्या चकचं पेटंट १९०२ साली घेतलं आणि त्याच्या चकबरोबर जेकब्स टेपर रूढ झाले, आणि बी टेपर जर्मन मानकातून आले. आपल्या बाजारात तिन्ही एकाच खोक्यात पडलेले असतात.

आता टेपर बरोबर जुळतोय, निळा पूर्ण लांबीवर घासतोय, तरी चक पडतोय, असं असेल तर बसवण्याची पद्धत बघा. सगळ्यात कॉमन चूक तेल. आर्बर तेलातून काढून फडक्याने पुसला आणि ठोकला, की आत तेलाची पातळ फिल्म राहते आणि टेपर धरतच नाही. थिनर किंवा अॅसिटोनने दोन्ही बाजू पुसायच्या, चकच्या आतून स्वच्छ सुती चिंधी काडीला गुंडाळून फिरवायची, चिंधी पांढरी बाहेर येईपर्यंत. रॉकेल चालणार नाही, रॉकेल स्वतःच तेलकट थर सोडतं. मग टेपरवरून नख फिरवा. नख कुठे अडलं तर तिथे बर, म्हणजे धातूचा वर आलेला कण, आहे. बारीक ऑइल स्टोनने तेवढाच उंचवटा घासायचा, पॉलिश पेपर गुंडाळून पूर्ण टेपर घासायचा नाही, त्याने टेपरचा आकार जातो आणि मग तो आर्बर कधीच बसत नाही.

दुसरी चूक, चकचे जबडे बाहेर ठेवून ठोकणं. जबडे चावीने पूर्ण आत घ्या, म्हणजे तोंडाच्या वर काहीच दिसणार नाही, मग चक लाकडावर उलटा ठेवून आर्बर वरून नायलॉन किंवा लाकडी मॅलेटने एकच सरळ, ठाम ठोका. जबडे बाहेर असताना ठोकलं की मार त्यांच्या आट्यांवर जातो आणि चक कायमचा वाकडा पकडतो. लोखंडी हातोडा तर नाहीच, आणि तिरपे दहा ठोके मारण्यापेक्षा एक सरळ बरा.

अजून पक्कं बसवायचं असेल तर आम्ही उन्हाळ्यात करतो तो प्रकार करून बघा. मे महिन्यात शेडच्या पत्र्यावर चक अर्धा तास ठेवला की हात लावायला नको इतका तापतो, तेवढ्यात आर्बर फ्रीजरमधे. चाळीस अंशाचा फरक पडला तर सोळा मिलीमीटरच्या व्यासात सात मायक्रॉनच्या आसपास फरक होतो, म्हणजे वीसला एकच्या टेपरवर आर्बर मिलीमीटरच्या एक दशांशाहून थोडा जास्त खोल जातो, आणि दोन्ही एका तापमानाला आले की जबरदस्त धरतो. फक्त फ्रीजरमधून काढल्यावर आर्बरवर दव धरतो, तो कोरड्या कपड्याने लगेच पुसा नाहीतर आत गंज बसेल.

काही जण आत लॉकिंगचं लिक्विड टाकतात. माझा याला विरोध आहे. जुळणारा टेपर असेल तर गरजच नाही, आणि न जुळणारा असेल तर ते चिकटवून फक्त रोग लपवता, चक वाकडा फिरत राहतो आणि नंतर काढायला तापवावं लागतं.

मग येतं वापरणं. टेपर वरून दाबलं की घट्ट होतो, खाली ओढलं किंवा बाजूने हलवलं की सुटतो, एवढं डोक्यात ठेवलं की पुष्कळ गोष्टी कळतात. ड्रिल आरपार निघताना शेवटच्या अर्ध्या मिलीमीटरला पातळ पापुद्रा उरतो, ड्रिलच्या कडा त्यात स्क्रूसारख्या अडकतात आणि ड्रिल स्वतःला खाली ओढतं. चक नेमका तेव्हाच का पडतो त्याचं कारण हे. पितळेत तर फारच. म्हणून जॉब व्हाइसमधे किंवा क्लॅम्पने बांधा, खाली लाकडाचा तुकडा घ्या म्हणजे पापुद्रा उरत नाही, आणि निघायच्या वेळी हँडल हलकं करा, जोर काढून घ्या. पितळेला ड्रिलच्या कटिंग एजवर स्टोनने जरासा सपाट पट्टा काढला की ओढणं थांबतं. ड्रिल अडकलं असताना हँडल झटक्याने वर उचलणं हा तर चक काढायचाच उपाय आहे, तेव्हा आधी मशीन बंद आणि मग चक हाताने उलटा फिरवून ड्रिल सोडवा.

आणि कृपया चकमधे एंड मिल पकडून मिलिंग करू नका. बाजूचा भार, वर थरथर, चक सुटणारच, आणि जबडे कडक शँकला तीन रेषांवर धरतात म्हणून कटर सरकतो तो वेगळा. एंड मिलसाठी कोलेट आहे.

आता दुसरं दुखणं, आर्बरसकट पडतो किंवा आर्बर स्पिंडलमधे फिरतो. इथे मोर्स टेपर धरत नाहीये. पहिला संशय चिपचा. स्पिंडलच्या भोकात ड्रिफ्टच्या, म्हणजे आर्बर काढायच्या पाचरीच्या, खाचेतून बुरादा आत जातो, एक केसाएवढा कण मधे आला की टेपर दोनच ठिकाणी टेकतो. मशीन बंद करून, प्लग काढून, चिंधीने आत पुसा, आणि मग बोटाने चाचपा. चालू मशीनमधे बोट कधीही नाही. निळ्याची परीक्षा इथेही करता येते, आर्बरच्या मोठ्या टेपरवर.

आर्बरच्या टोकाला जी चपटी जीभ असते, टँग, ती बघा. ती पिळलेली किंवा कोपरे गोल झालेले असतील तर समजा टेपर बरेच दिवस घसरतोय आणि सगळा जोर जिभेवर आला. ती जीभ मुख्यतः ड्रिफ्ट मारून आर्बर काढायला आहे, फिरवायचं काम टेपरने करायचं असतं. जीभ पिळलेला आर्बर परत घालू नका, त्याच्या चरांनी स्पिंडलचं भोक पण खराब होतं. भोकात चर पडलेच असतील तर पिलर ड्रिलच्या स्पिंडलला स्वतः रीमर मारायच्या भानगडीत पडू नका, तो बहुतेक कडक केलेला असतो, ग्राइंडिंगवाल्याला दाखवा. लेथच्या टेलस्टॉकचं भोक मऊ असेल तर मोर्स रीमर हाताने, अगदी हलका, फक्त उंचवटे निघेपर्यंत.

मिलिंग मशीनवर जीभवाला आर्बर नुसता ठोकून लावणारे पण बघितले आहेत. उभ्या मिलिंगला कंपन इतकं की तो उतरणारच. तिथे मागे थ्रेड असलेला आर्बर घ्यायचा आणि ड्रॉबारने, म्हणजे स्पिंडलमधून वरून येणाऱ्या लांब बोल्टने, ओढून धरायचा, एमटी-२ ला सहसा एम-१० चा थ्रेड, एमटी-३ ला एम-१२. आर-८ नावाच्या वेगळ्या टेपरचं मशीन असेल तर त्याचा ड्रॉबार इंची, ७/१६ वीस आट्यांचा, त्यात मेट्रिक बोल्ट जबरदस्तीने घालू नका.

टेलस्टॉकची कटकट वेगळी. काही आर्बर हँडल पूर्ण मागे घेतलं तरी बाहेर पडत नाहीत, कारण बिनजिभेचा आर्बर आखूड पडतो आणि स्क्रूचं टोक त्याला गाठत नाही. मागच्या थ्रेडमधे योग्य उंचीचा बोल्ट घट्ट बसवला की काम होतं. उलट जीभ फार लांब असेल तर क्विल, म्हणजे टेलस्टॉकचा पुढेमागे सरकणारा दांडा, अजून मागे यायचा असतो तेवढ्यात आर्बर सुटतो, म्हणजे चालू कामात चक सैल. क्विलवरचा आकडा बघत ठेवा, कुठल्या आकड्याला आर्बर सुटतो तिथे मार्करने खूण करा आणि ड्रिल करताना क्विल त्याच्या पुढेच ठेवा.

चक काढायचा कसा हेही विचारतात, कारण चुकीचा आर्बर बदलायचा तर आधी निघायला हवा. चकची पाठ आणि आर्बरचा खांदा यांच्या फटीत दोन दुशिंगी पाचरी समोरासमोर घालायच्या आणि व्हाइसमधे दाबायच्या, एकीकडूनच ठोकलं तर आर्बर वाकतो. खांदा नसेल तर चकचे जबडे उघडून आत बघा, बऱ्याच चकना मधून आरपार भोक असतं, त्यातून पंच लावून एक ठोका. भोक नसेल तर मधोमध सहा-आठ मिलीमीटरचं मारता येतं, तिथलं लोखंड सहसा मऊ असतं. आर्बर स्पिंडलमधून काढताना ड्रिफ्टची गोल बाजू वर आणि सपाट बाजू जिभेवर, आणि चकखाली टेबलवर लाकूड, नाहीतर पडून टेबलला खड्डा आणि चकला मार.

सगळं बसल्यावर डायल, म्हणजे फिरताना किती डुलतं ते दाखवणारं मोजमापाचं घड्याळ, लावा. आधी स्पिंडलच्या भोकात आतून, मग आर्बरवर, मग चकमधे सरळ डॉवेल पिन पकडून, याच क्रमाने. आधी पिनवर डायल लावून "चक आउट आहे" म्हणणारे बरेचदा आर्बरचा किंवा स्पिंडलचा दोष चकवर टाकत असतात. आमच्या जुन्या पिलरवर स्पिंडलमधे एक-दोन शतांश मिलीमीटर आणि साध्या चावीच्या चकला पिनवर पाच ते आठ शतांश आलं तर मी काम चालू देतो, त्याच्या वर गेलं तर चक काढून पाव फेरा फिरवून परत बसवून बघतो, दोन दोष एकमेकांना कापतात तेव्हा निम्म्यावर येतं.

आमच्या त्या ड्रिलला शेवटी जेटी-३३ चाच आर्बर मिळाला, दोन दुकानं फिरून. काकांनी परत निळा लावला, यावेळी रंग वरपासून खालपर्यंत सारखा घासला होता. फ्लँजची उरलेली ऐंशी भोकं त्याच चकवर झाली. आर्बरच्या खांद्यावर आता पंचने "३३" कोरून ठेवलंय, आणि चकच्या पाठीवर पण.